मळभ आणि मोबाइल

माझे एक प्राध्यापक-मित्र आहेत. अर्थशास्त्र शिकवतात. जगातील यच्चयावत दुःखांचे मूळ मोबाइलमध्ये आहे अशी त्यांची ठाम समजूत आहे. मुलाचे मार्क कमी झाले, कारण मोबाइल. सुनेचे सासूशी पटत नाही, कारण मोबाइल. आमच्या कॉलेजच्या कँटीनमधला वडा पूर्वीसारखा लागत नाही, याचेही कारण ते वडे तळणाऱ्याच्या हातातल्या मोबाइलमध्येच शोधतात. आणि खरे सांगायचे तर या एका बाबतीत ते अगदीच चुकत असतील असे मला वाटत नाही.

परवा स्टाफरूममध्ये त्यांनी असेच जाहीर केले, "हे जे हल्ली डिप्रेशन डिप्रेशन चाललंय ना, ते सगळं या गेम खेळण्यातून आलंय. आमच्या वेळी होतं का हो कुणाला डिप्रेशन?"

अर्जुनाला होते, असे माझ्या जिभेवर आले होते. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच मुळी 'अर्जुनविषादयोग' आहे आणि त्या वेळी कुरुक्षेत्रावर मोबाइलचा मनोरा नसावा. पण मी चहा पीत राहिलो. वास्तविक त्या खोलीत या विषयावर बोलण्याचा सर्वांत मोठा अधिकार माझा होता. गेम मी खेळलो आहे, मोबाइल माझ्याही खिशात असतो, आणि डिप्रेशन म्हणाल तर तेही मला झाले होते. मधुमेह असता तर "माझ्या चहात साखर नको हं" म्हणून मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. हे मात्र सांगवले नाही. जे तिथे बोलता आले नाही ते इथे लिहीत आहे. दिवाळी अंक म्हणजे तसे घरचेच माणूस. त्याच्यापाशी बोलायला संकोच कमी वाटतो.

मी पडलो मराठीचा मास्तर. त्यामुळे कुठल्याही आजाराशी ओळख होण्याआधी माझी त्याच्या शब्दाशी ओळख होते. डिप्रेशन हा शब्द पूर्वी आम्हांला पावसाळ्यात भेटत असे. बंगालच्या उपसागरात डिप्रेशन तयार झाले, की दोन दिवसांनी इकडे छत्र्या बाहेर निघत. हवामानखात्याने त्याचे मापही ठरवून ठेवले आहे. वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असला तर साधे डिप्रेशन, ५० ते ६१ असला तर 'डीप डिप्रेशन', आणि त्याच्या पुढे गेले की वादळ. किती सोय आहे पाहा! माणसाच्या मनावर असा वारा मोजण्याचे यंत्र बसवता आले असते तर माझे निम्मे काम झाले असते.

मनाच्या या आजाराला मराठीत नैराश्य म्हणतात. शब्द शुद्ध आहे, पण मला तो नेमका वाटत नाही. निराश व्हायला आधी कसली तरी आशा असावी लागते. माझे तसे काही नव्हते. नोकरी कायम, घराचे हप्ते वेळच्या वेळी जात होते, सौ. बँकेत चांगल्या हुद्द्यावर, चिरंजीव सातवीत आणि एकंदरीने गुणी. निराश होण्याजोगे काही घडले नव्हते. फक्त कशालाच चव उरली नव्हती. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते, तशी मला सकाळला चव नव्हती, वर्तमानपत्राला नव्हती, वर्गात वीस वर्षे रंगवून शिकवलेल्या कवितेलाही नव्हती. आमच्या आईच्या बोलण्यात "कशात जीव रमत नाही" असे येते. पुढे मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद पुढे केला. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हांला असे किती वेळा वाटले, असे विचारणारा तो कागद १९९९ पासून जगभर वापरात आहे. त्यातला पहिलाच प्रश्न आईच्या त्या वाक्याचा आहे. कशात जीव रमत नाही असे किती दिवस झाले? एवढे मोठे वैद्यकशास्त्र, पण त्यालाही सुरुवात आमच्या आईच्याच वाक्याने करावी लागली!

हे सारे सुरू झाले ते २०२३ च्या पावसाळ्यात. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे दोन महिन्यांचा. दोन्ही श्रावण मी रात्री तीन वाजल्यापासून जागा होतो. झोप लागायची अकराला, व्यवस्थित. आणि बरोबर तीनच्या सुमारास कोणी खांद्याला हात लावून उठवावे तसा मी जागा होई. मग पंख्याचा आवाज, शेजारी सौ.चा श्वास, खाली इमारतीच्या पत्र्यावर पडणारा पाऊस. दिवसा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर घेऊन बसायचो आणि पहिल्या उत्तराची पहिली ओळ चार-चार वेळा वाचायचो. ऑगस्ट संपला तरी टेबलावर तीन गठ्ठे तसेच, दोरीसुद्धा न सोडलेले.

तीन वाजता जागा झालेला माणूस हल्ली काय करतो? हात लांब करून मोबाइल घेतो. मीही घेतला. त्यात वरून विटा पडण्याचा तो जुना खेळ मी उतरवून घेतला होता, टेट्रिस.

या खेळाशी माझा संबंध जुना आहे. १९९५ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेरच्या पदपथावर हातात मावेल असा 'ब्रिक गेम' मिळू लागला. डब्यावर लिहिलेले असे, ९९९९ खेळ! प्रत्यक्षात खेळ तोच एक, वेग तेवढे वेगळे. दोन पेन्सिल सेल घालायचे, की टुंईऽऽ करून तो गाऊ लागे. माझ्या दहावीच्या वर्षी वडिलांनी तो कपाटावर ठेवून दिला. माझ्या मित्राला सांगायला हवे, की 'सगळे त्या खेळामुळे' हे वाक्य मोबाइलच्या जन्माआधीही घरोघर म्हटले जात होते.

तो आमचा ब्रिक गेम म्हणजे नक्कल होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. मूळ खेळ रशियन. १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव नावाच्या तरुणाने तो रचला. त्याच्याजवळच्या 'इलेक्ट्रॉनिका ६०' या यंत्रावर चित्रे काढण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने विटा दाखवल्या त्या चक्क कंसांच्या खुणा जोडून. प्रत्येक आकार चार चौकोनांचा; असे आकार सातच होतात. चारासाठी ग्रीक 'टेट्रा' आणि त्याला आवडणारा टेनिस, यांचा समास करून त्याने नाव ठेवले. १९८९ साली जपानच्या गेमबॉय यंत्राबरोबर हा खेळ जगभर गेला. हक्क मात्र सोव्हिएत सरकारचे, त्यामुळे खुद्द पाजित्नोवच्या हाती त्याच्या खेळाचे मानधन येऊ लागले ते १९९६ नंतर. बारा वर्षांनी! मराठी लेखकांना यात फारसे नवल वाटणार नाही.

तर तो खेळ मी रात्री तीन ते पाच खेळत असे. खेळत असे म्हणण्यापेक्षा हातात धरत असे.

घरातल्या लोकांना काय दिसत होते? त्यांना दिसत होता मोबाइल. सौ. एके रात्री जागी झाली आणि म्हणाली, "अरे, तीन वाजता उठून गेम खेळतोस? आता मुलाला कोणत्या तोंडानं ओरडायचं मी?" तिचे चुकले नव्हते. आईने दृष्ट काढली. मिठा-मोहऱ्यांचा वास दोन दिवस घरात होता. मेहुण्यांनी पुण्याहून फोन करून ध्यानधारणेचे एक अ‍ॅप घ्यायला लावले. त्यातली बाई अत्यंत मंजुळ आवाजात "श्वास आत घ्या" म्हणे. सात दिवस श्वास फुकट होता, आठव्या दिवशी त्याचे पैसे मागितले. शिवाय त्यांनी वाढदिवसाला मनगटावरचे घड्याळही पाठवले. ते पावले मोजते, नाडी मोजते आणि सकाळी उठल्यावर झोपेला गुण देते. एका सकाळी मला शंभरपैकी ४१ मिळाले. आयुष्यभर इतरांना गुण दिलेल्या माणसाने झोपेत काठावर पास व्हावे! दुसऱ्या दिवशी ३४. मग मी ते घड्याळ खणात ठेवले. नापास झालेला विद्यार्थी निकाल खिशात घालून घरी का येत नाही, ते मला त्या दिवशी उमगले.

स्टाफरूममध्ये एका सहृदय बाईंनी मला मन प्रसन्न ठेवण्याविषयीचा तुकोबांचा अभंग म्हणून दाखवला. तो मी स्वतः कितीतरी वर्षे शिकवला आहे. त्याची संदर्भासहित स्पष्टीकरणे तपासली आहेत. अभंगात काही उणे नाही, हे मी आजही सांगेन. पण पाय मोडलेल्या माणसापुढे वारीचे वर्णन करावे तसे मला त्या क्षणी झाले.

आणि एक कबुली द्यायची म्हणजे, मोबाइल मला फार सोयीचा होता. नुसते भिंतीकडे पाहत बसलेल्या माणसाला लोक विचारतात, "काय रे, काय झालं?" हातात मोबाइल असलेल्या माणसाला असे कोणी विचारीत नाही. त्याला म्हणतात, "ठेव तो." मग ठेवायचा की नाही यावर भांडण होते आणि 'काय झालं' हा प्रश्न बाजूलाच राहतो. पूर्वीचा माणूस वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसे, तसा मी त्या काचेच्या तुकड्याआड बसलो होतो. सौ. मोबाइलशी भांडत होती, आई दृष्टीशी, मेहुणे मोजमापांशी. आडोशामागे मी बरा लपलो होतो.

मला तिथे सापडवले ते चिरंजीवांनी.

सप्टेंबरातली रात्र होती. तो पाणी प्यायला उठला. मी बाहेर सोफ्यावर अंधारात. माझ्या खांद्यामागे येऊन तो उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तू खेळत नाहीयेस." (आमच्याकडे बापाला अरेतुरे करतात. मी माझ्या वडिलांना तसे केले असते तर ब्रिक गेमबरोबर मीही कपाटावर गेलो असतो.)

"खेळतोय की," मी म्हणालो.

"नाही. तू बोटच लावत नाहीयेस. सगळ्या विटा मध्येच पडतायत. एक डाव संपला की तू दुसरा सुरू करतोस आणि परत नुसता बघतोस."

ते खरे होते. विटेला हात लावला नाही तर ती सरळ मध्यावर येऊन पडते. दहा-पंधरा विटा झाल्या, की ढीग वरपर्यंत भिडतो आणि डाव संपतो. मी कित्येक रात्री ते पाहत होतो. ज्याने हा खेळ कधी खेळला नाही त्याला ते दिसले नसते. दुरून पाहणाऱ्याला मी खेळात गुंग झालेला दिसे. चिरंजीव स्वतः खेळणारा. हरणे म्हणजे काय आणि हात न लावणे म्हणजे काय, यातला फरक त्याला ठाऊक होता.

सकाळी त्याने आईला सांगितले, "बाबाला बरं नाहीये." त्याने 'बाबा रात्री गेम खेळतो' असे सांगितले नाही. सौ.ने डबा भरता भरता हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याला तोंड द्यायला माझ्या हातात तेव्हा मोबाइल नव्हता. तिने त्या दिवशी बँकेतून रजा घेतली.

डॉक्टरीणबाईंच्या कागदाचे मी वर सांगितलेच. त्यातला नववा प्रश्न जगण्याचाच नको वाटण्याविषयी आहे. तो वाचल्यावर मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्याचे उत्तर मी खरे लिहिले, आणि सौ. शेजारीच बसली होती, एवढेच इथे सांगतो. ज्याला असा कागद समोर येईपर्यंत थांबवणार नाही त्याच्यासाठी १४४१६ हा फोन आहे. 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्री तीन वाजताही तिथे माणूस बोलतो, मराठीतून बोलतो, आणि पैसे पडत नाहीत. मला तेव्हा हा क्रमांक माहीत नव्हता.

मग बाईंनी एक अनपेक्षित गोष्ट केली. त्यांनी माझा मोबाइल मागितला. मला वाटले, आता जप्ती! पण २०१८ पासून मोबाइलवाल्यांनीच त्यांच्या यंत्रात आपण ते किती वापरतो याची खतावणी ठेवायला सुरुवात केली आहे. बाईंनी ती उघडली. तासावार खांब होते. दिवसा जवळपास काही नाही. पहाटे तीन ते पाच मात्र रोज उंच खांब. आठवड्यामागून आठवडा, अगदी शिस्तीने. "यांना कधीपासून जाग येते?" असे त्यांनी सौ.ला विचारले असते तर तिला सांगता आले नसते. मोबाइलने तारीखवार सांगितले.

"गेममुळे झोप उडाली असेल ना?" सौ.ने विचारले.

बाई म्हणाल्या, "हे उलट वाचायचं. पहाटे लवकर जाग येणं हे या आजाराचंच लक्षण आहे. जाग येते, म्हणून हातात मोबाइल येतो. अर्थात डोळ्यांसमोर उजेड धरल्यावर परत झोप लागणं कठीणच. तेव्हा तो बाहेरच्या खोलीत ठेवा. पण त्याला आरोपी करू नका. तो साक्षीदार आहे."

माझ्या अर्थशास्त्राच्या मित्राची आठवण तेव्हाच झाली होती.

गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिकही. पहिल्या दहा दिवसांत मळमळीखेरीज काही हाती लागले नाही. दर पंधरा दिवसांनी जाऊन बोलायचे आणि रोज पाच उत्तरपत्रिका तपासायच्या, मन लागो न लागो, असा गृहपाठ मिळाला. पाच म्हणजे पाच. सहावी तपासायला बंदी. तीन आठवड्यांनंतर एका दुपारी मी सातवी उत्तरपत्रिका तपासत असल्याचे माझ्या लक्षात आले. मुलाने ज्ञानेश्वरांच्या भावंडांत एकनाथांची भर घातली होती आणि मला हसू आले होते. इतक्या महिन्यांनी आलेले ते पहिले हसू त्या अज्ञात परीक्षार्थ्याने मिळवून दिले. गुण मात्र मी दिले नाहीत.

गोळ्यांची पट्टी कुठे ठेवायची यावर घरात न बोलता एक तोडगा निघाला होता. आईची रक्तदाबाची गोळी जेवणाच्या टेबलावर, माझी कपाटात स्वेटरांखाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना शरीराचा आणि मनाचा आजार सारखाच धरायला सांगितले आहे. कायदा विमा कंपनीपर्यंत पोचला. आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत यायला त्याला वेळ लागला. एका सकाळी आईनेच स्वेटर काढता काढता ती पट्टी पाहिली. काही बोलली नाही. आपल्या पट्टीशेजारी आणून ठेवली आणि म्हणाली, "दोन्ही एकदम घेत जाऊ, म्हणजे विसरायचं नाही."

माझ्या मित्राचे सगळेच खोटे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या अनावर ओढीला आजारांच्या यादीत जागा दिली. खेळावर ताबा न राहणे, बाकी सारे त्याच्यापुढे दुय्यम होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशा त्याच्या अटी आहेत. पैसे लावून खेळायच्या खेळांनी तर घरे धुतली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला, तो मला पटतो. उलट बाजूला, खेळच औषध म्हणून सांगणारेही आहेत. ऑक्सफर्डमध्ये २००९ साली एक प्रयोग झाला. भयानक दृश्यांची फीत पाहिल्यानंतर ज्यांना टेट्रिस खेळायला दिला त्यांना ती दृश्ये पुढे कमी वेळा आठवली. पण तो प्रश्न धक्का बसलेल्या आठवणींचा. माझ्या बेचव सकाळींचा नव्हे. मला टेट्रिसने आजारी पाडले नाही आणि बरेही केले नाही.

त्या दिवाळीत चिरंजीवांनी दोन किल्ले केले. एक खाली अंगणात मातीचा, दुसरा संगणकावर 'माइनक्राफ्ट' या खेळात, चौकोनी ठोकळ्यांचा रायगड. "बाबा, बाजारपेठ तू बांध," म्हणून त्याने मला शेजारी खुर्ची दिली. त्या खेळातला दिवस वीस मिनिटांचा. रात्र झाली की राक्षस निघतात, म्हणून बिछाना टाकून झोपून जायचे. मी बाजारपेठेच्या नादात झोपलोच नाही. तिसऱ्या रात्री आकाशातून निळसर पंखांची भुते माझ्यावर झडप घालू लागली.

"अरे, हे काय?"

"फँटम," तो मान न वळवता म्हणाला. "तीन दिवस झोपलं नाही की येतात. तुला माहीत असायला पाहिजे."

पुढे जानेवारी २०२४ मध्ये त्याने मला एक बातमी वाचून दाखवली. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या १३ वर्षांच्या मुलाने जुन्या यंत्रावरचा टेट्रिस, १५७ व्या पायरीवर, पार गोठवून टाकला. ज्या खेळात माणूस नेहमी हरतोच, त्यात आधी दमले ते यंत्र. जेमतेम ३८ मिनिटे लागली. चिरंजीव उड्या मारीत वाचत होता. पुढच्या ओळीत होते, की मुलाने तो विक्रम आपल्या वडिलांना अर्पण केला. ते त्याच डिसेंबरात वारले होते. वाचणे थांबले. मग तो माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसला. आता तो मोठा झाला आहे म्हणून सहसा असे करीत नाही. बराच वेळ बसला होता.

गोळी डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने कमी करीत करीत २०२५ च्या मार्चमध्ये थांबली. आपणहून थांबवायची नाही आणि बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायची, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते. पावसाळा आला की अजूनही कधीमधी तीनला जाग येते. तेव्हा मी सौ.ला उठवतो. ती कुरकुरते, आणि मग आम्ही चहा करतो. मोबाइल बाहेरच्या खोलीत असतो. घड्याळ खणातून काढून मी आईला दिले. तिला झोपेत रोज ८५ च्या वर मिळतात आणि ती ते शेजारणींना सांगते.

माझे अर्थशास्त्राचे मित्र दिवाळी अंक विकत घेत नाहीत. दरवर्षी माझाच नेतात आणि संक्रांतीला, चिवड्याच्या डागांसकट, परत आणून देतात. या वर्षीही मागतील. हा अंक मी त्यांना देणार आहे.